लुटीची की दिलेली

१

युद्धसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या खोलीत भिंगवाले बसायचे. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळी इमारत त्यांना भिंगवालेच म्हणायची, कारण उभा जन्म त्यांनी डोळ्याला भिंग लावून काढला होता. जुन्या फोटोंतल्या सैनिकांच्या हातात कोणती बंदूक आहे ते ओळखायचं, एवढंच त्यांचं काम. सैनिक कोण, कुठला, पुढे त्याचं काय झालं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? ज्याची फौज त्याची बंदूक. तसं असतं तर सरकारने एका माणसाला जिन्याखाली कशाला पोसलं असतं? सैनिकाला फोटोची हौस दांडगी, आणि शत्रूची बंदूक हाती लागली की मग विचारायलाच नको. पण ती हाती लागण्याच्या वाटा दोन. एक तर त्याने ती लढाईत हिसकावून घेतलेली असते, नाहीतर तो शत्रूला जाऊन मिळालेला असतो आणि त्यांनीच ती त्याला दिलेली असते. हिसकावलेली असेल तर माणूस वीर, दिलेली असेल तर फितूर. अंगात बनियन नाहीतर स्वेटर, मागे कसली तरी भिंत, त्यामुळे दुसरा पुरावा म्हणून नसतोच. सगळा निवाडा बंदुकीवर.

भिंगवाल्यांची कसोटी सोपी होती. लुटीची बंदूक कायम अर्धवट असते. मरणाऱ्याच्या हातातून बंदूक ओढायची आणि पळत सुटायचं, अशा वेळी त्याच्या कमरेची काडतुसांची थैली सोडवत कोण बसतो? पट्टा तुटलेला असतो, नळी साफ करायचा गज कुठेतरी पडलेला असतो, थैली तर नाहीच. दिलेली बंदूक मात्र साग्रसंगीत येते. पट्टा, गज, थैली, सगळं जिथल्या तिथे.

आणखी एक शिस्त ते कसोशीने पाळायचे. फोटो हातात आला की आधी चेहऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा. कोवळं पोर दिसलं की माणूस पाघळतो आणि नसलेल्या गोष्टी त्याला दिसायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. आधी निकाल द्यायचा, मग तोंड बघायचं. इतक्या वर्षांत त्यांचा निकाल कोणी फिरवला नव्हता, आणि त्याचा त्यांना बऱ्यापैकी माज होता.

२

त्या वर्षी दोन्ही देशांना एकमेकांचा फार पुळका आला होता. करार झाले, मिठ्या मारून झाल्या, आणि पलीकडच्यांनी सदिच्छा म्हणून जुन्या फोटोंचे डबे पाठवले. ज्यांनी एकमेकांची पोरं मारली तेच आता एकमेकांना फोटो पाठवत होते. डबे उघडायचं काम समोरच्या टेबलावरच्या बाईंचं. त्या फोटो पुसायच्या, पाकिटात घालायच्या आणि भिंगवाले म्हणतील तो शब्द पाकिटावर लिहायच्या. बाहेर अंगणात मिस्त्री स्मारकाच्या शिळेवर राहिलेली नावं कोरत होता. त्याच्या छिन्नीची टकटक दिवसभर खोलीत ऐकू यायची.

बाईंनी एक फोटो पुढे सरकवला. भिंगवाल्यांनी सवयीने चेहऱ्यावर पुठ्ठा ठेवला. खुर्चीवर बसलेला माणूस, अंगात जाड स्वेटर, मांडीवर आडवी बंदूक. मागे चुना लावलेली भिंत, बाजूला शेगडीवर किटली.

"माझ्या आईकडे अगदी अशीच किटली होती हो," बाई म्हणाल्या. "तोटीसुद्धा अशीच वाकडी."

"तुमच्या आईची किटली राहू द्या. लिहून घ्या. बंदूक त्यांची, आणि लुटीची नाही, दिलेली. हा बघा गज. हा कोरा करकरीत पट्टा. ही कमरेला थैली. बक्कल कसं चकचकतंय बघा. पठ्ठ्या तिकडे चांगलाच रुळलेला दिसतोय. जावईबापूच झाला म्हणा ना त्यांचा!"

बाई हसल्या. भिंगवालेही हसले, आणि हसता हसताच त्यांनी पुठ्ठा उचलला.

खाली दादा होता. त्यांचा सख्खा थोरला भाऊ. दाट काळे केस, डावीकडे भांग, आणि फोटो काढताना ओठ मिटून धरायची ती जुनी सवय. युद्धात बेपत्ता झाला तेव्हा तिशीचा होता, तसाच.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "लिहू ना फितूर?"

"थांबा," भिंगवाले म्हणाले. "आज नको. माझे डोळे दुखताहेत."

३

घरात दोनच माणसं. वरच्या मजल्यावर भिंगवाले, खाली वहिनी, म्हणजे या दादाची बायको. आई होती तोवर तिघं. जेवण वहिनींच्या हातचं, आणि जेवताना वहिनींच्या शिव्या ऐकायच्या, हा नेम. शिव्या दादाला.

"आज भाजी उरली," त्या संध्याकाळी वहिनी म्हणाल्या. "तुमच्या दादासाहेबांना आवडायची. आता तिकडे दुसरीच्या हातचं खात असतील. तिला मेलीला मीठ तरी नीट पडतंय का कोण जाणे! पडत नसेलच. बरं झालं. खा म्हणावं अळणी."

"वहिनी, जाऊ द्या ना."

"का जाऊ द्या? गुडघे धरले असतील आता त्यांचे. माझे धरलेत, त्यांचे नसतील का धरले? चोळून द्यायला आहे कोणीतरी, त्यांना काय! नालायक माणूस."

लोक तेव्हापासून म्हणत आले होते की तो पळून शत्रूला मिळाला. दादाच्या तुकडीच्या शिळेवर सगळ्यांची नावं होती, प्रत्येक नावापुढे वीरमरणाचं साल होतं, आणि खाली एका नावाची जागा कोरी सोडलेली होती. बाजारात बायका वहिनींना वाट द्यायच्या, पण ती मानाने नव्हे. आई त्याच झुरणीला लागून गेली. भिंगवाल्यांनी हे सगळं पाहिलं होतं, आणि वहिनींच्या तोंडचा हा कडवटपणा त्या अपमानातूनच आला असणार अशी त्यांची खात्री होती. ज्या बाईने त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिच्यासाठी त्यांनी आजवर काय केलं होतं? काही नाही. भाजी घ्या म्हटलं की घेतली, एवढंच.

आणि आता तर अख्ख्या देशात एकच माणूस होता ज्याच्या एका शब्दाने ती कोरी जागा भरली असती. त्यांनी ताटातला शेवटचा घास खाल्ला आणि मनाशी ठरवून टाकलं. एक पट्टा, एक गज, एक थैली. कोण बघायला येतंय?

४

दुसऱ्या दिवशी खोलीत शिरल्या शिरल्या ते बाईंना म्हणाले, "कालच्या त्या फोटोत माझी चूक झाली. लुटीची आहे बंदूक."

बाई बघतच राहिल्या. भिंगवाल्यांच्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते. "अहो पण तुम्हीच म्हणालात ना, गज आहे म्हणून? मला बोट ठेवून दाखवलात."

"नळीची सावली होती ती."

बाईंनी पाकिटातून फोटो काढला, खिडकीपाशी नेला. ही बाई तशी सरळ, पण आंधळी नव्हती.

"खरंच की," बाई म्हणाल्या. "नाहीये गज."

भिंगवाल्यांनी फोटो जवळजवळ ओढूनच घेतला. डोळ्याला भिंग लावलं. नळीखाली जिथे काल गज होता, तिथे लाकडात नुसती रिकामी खाच होती. खाच अगदी स्पष्ट, तिच्या कडेला गज ओढून काढल्याचा ओरखडासुद्धा. त्यांनी फोटो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. दादाचा चेहरा त्यांनी अंगठ्याखाली दाबून धरला होता, तिकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

आधी ते घाबरले, आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपण खोटं बोललोच नाही! काल डोळे खरोखरच दुखत असतील. साठी आली, मोतीबिंदू होतो माणसाला. मन लागलीच कामाला लागलं आणि जे हवं ते जुळवून देत गेलं. पट्टा राहिला होता, थैली राहिली होती, पण पट्ट्याचं काय, तो कोणीही दुसरीकडून आणून लावतो. त्यांनी निकालाच्या कागदावर खणखणीत अक्षरात लिहिलं: लुटीची. सही केली. सही वाळायच्या आत पुन्हा भिंगातून पाहिलं, तर पट्टा मधोमध तुटून दादाच्या गुडघ्यावर लोंबत होता.

कमरेला थैली नव्हती.

"बाई, डब्यातून काढला तेव्हा तुम्ही याचा स्कॅन घेतला होता ना? दाखवा बरं."

बाईंनी संगणकावर काढून दाखवला. त्यातही पट्टा तुटका, थैली नाही, गज नाही. झालं तर मग. यंत्राला थोडाच मोतीबिंदू होतो! फक्त बक्कल कसं चकचकत होतं ते भिंगवाल्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

५

स्मारकाच्या समितीने फाटे फोडले नाहीत. भिंगवाल्यांची सही म्हटल्यावर कोण फोडणार? नाव कोरायचा हुकूम निघाला. त्यांनी घरी जाऊन वहिनींना सांगितलं.

"फोटो सापडला, वहिनी. दादाने त्यांची बंदूक हिसकावून घेतली होती. फितूर नव्हता तो. शिळेवर नाव लागणार."

वहिनी हातातलं भांडं पुसत होत्या. पुसतच राहिल्या. कोरडं झालेलं भांडं पुन्हा पुसलं.

"कसे दिसतात?" त्यांनी विचारलं.

"होता तसाच."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

आनंदाने बोलता येईना झालं असेल, असं भिंगवाल्यांनी धरलं. पण त्या रात्री जेवताना शिव्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नव्हत्या. भाजी उरली तर वहिनी मुकाट्याने झाकून ठेवत. घरात पाण्याच्या नळाचा, विळीचा, दाराच्या कडीचा असे सगळे आवाज अचानक ऐकू यायला लागले, आणि ते ऐकत जेवणं भिंगवाल्यांना जड जाऊ लागलं. एकदा त्यांनी स्वतःच विषय काढून पाहिला, म्हणाले, "दादाला आवडायची नाही का ही भाजी?" वहिनी म्हणाल्या, "हो, आवडायची." एवढंच.

तिकडे खोलीत बाईंचंही काहीतरी बिनसलं. एका दुपारी त्या फोटो हातात घेऊन टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"इथे किटली होती ना हो?"

"कुठे?"

"असं काय करता? माझ्या आईची किटली. तोटी वाकडी होती. मी बोलले नाही का तुमच्याशी?"

भिंगवाल्यांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी फोटो घेतला आणि टेबलावर ठेवला. किटली नव्हती. शेगडी नव्हती. चुन्याची भिंत होती तिथे मातीचा उभा कापलेला बांध होता आणि त्यातून मुळं लोंबत होती. दादा अजून बसलेलाच होता, पण त्याच्याखाली खुर्ची नव्हती. पाठ बांधाला टेकलेली, पाय पुढे ताठ फाकलेले. मांडीवर तीच बंदूक, अर्धवट, आणि स्वेटरवर छातीच्या खाली एक काळा डाग. डाग ओला असावा असं वाटत होतं, पण काळ्यापांढऱ्या फोटोत ओलं काय आणि वाळलेलं काय, असं भिंगवाले स्वतःला बजावत राहिले. लुटीची बंदूक म्हटल्यावर लढाई आलीच, ते मनात म्हणाले. आणि लढाई आली म्हणजे... पुढचं त्यांनी मनातसुद्धा म्हटलं नाही.

त्यांनी चाचपडत पुठ्ठा घेतला आणि दादाच्या चेहऱ्यावर ठेवला. या वेळी शिस्त म्हणून नव्हे.

"मला दुसरा डबा द्या," बाई म्हणाल्या. "नाहीतर दुसरी खोली द्या. मी संचालकांना काय सांगायचं ते सांगते. तुम्ही ते पाकीट तुमच्याकडेच ठेवा, साहेब, माझ्या टेबलावर नको." आणि त्याच दिवशी त्या आपली खुर्ची, पेला आणि पायपुसणं घेऊन वर निघून गेल्या.

भिंगवाल्यांनी फोटो पाकिटात घातला आणि पुन्हा उघडून पाहिला नाही. बाहेर मिस्त्रीने शिळा पाण्याने धुतली होती आणि कोऱ्या जागेवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली होती.

६

कोरायच्या दिवशी सकाळीच वहिनी आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. बाईंच्या रिकाम्या टेबलापाशी, त्यांच्यासाठी आणलेल्या खुर्चीत त्या बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. बाहेर टकटक सुरू झाली होती.

"भावोजी, मला एक नीट सांगा. मला त्या बंदुकांतलं काही कळत नाही. हिसकावून घेतली म्हणजे पुढे काय झालं?"

"पुढे म्हणजे..." भिंगवाल्यांनी भिंग पुसायला घेतलं. "तिथेच कामी आला तो. लढता लढता. सगळी तुकडीच गेली ना त्या दिवशी."

"म्हणजे तेव्हाच."

"तेव्हाच."

वहिनी खिडकीतून अंगणाकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लोक फितूर म्हणायचे ना, तेव्हा मी वरवर तोंड पाडायचे. पण आतून मला बरं वाटायचं हो. फितूर म्हणजे जिवंत. दुसरी करू दे, पोरं होऊ दे, माझं नावसुद्धा न काढू दे, पण कुठेतरी बसून चहा पितंय माणूस. मी रोज शिव्या द्यायचे, त्या कोणाला? भिंतीला? असलेल्या माणसाला देत होते मी. इतकी वर्षं संसारच केला म्हणा ना त्यांच्याशी." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढलं. "तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. पण तुम्ही मारलंत हो त्यांना, भावोजी."

भिंगवाल्यांच्या हातातलं भिंग टेबलावर पडलं. इतक्या जणांची बंदूक ओळखली, आणि रोज पुढ्यात ताट ठेवणारी बाई कळली नाही! त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"वहिनी, ऐका. खोटं आहे ते. मी खोटं लिहिलं. बंदूक दिलेली आहे. गज होता, पट्टा होता, थैली होती, मागे शेगडीवर किटली होती. चांगला मजेत बसला होता दादा! जिवंत होता तो, वहिनी. आत्ता आत्तापर्यंत असेल. अजूनही असेल."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या मायेने पाहिलं की भिंगवाल्यांना रडू फुटलं.

"मला बरं वाटावं म्हणून आता काहीबाही सांगू नका," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"अहो, खरंच सांगतोय! थांबा, दाखवतोच."

त्यांनी खण ओढला, पाकीट काढलं. फोटो निम्मा बाहेर आला आणि अडकला. दिसला तेवढ्या भागात माती होती, आणि मातीत रुतलेला एक बूट. पुरावा म्हणून दाखवण्याजोगं त्यात आता काहीच उरलं नव्हतं, हे त्यांना तेव्हा आठवलं. त्यांनी फोटो परत आत ढकलायला घेतला, पण वहिनींनी तो काढून घेतला.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. भिंगवाल्यांना टेबलाच्या या बाजूने फोटोची फक्त पाठ दिसत होती, कडा पिवळ्या पडलेली. वहिनींचा अंगठा फोटोवर, चेहऱ्याच्या जागी असावा असा, हळूहळू फिरत होता. बाहेरची टकटक थांबली.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणालात, होते तसेच दिसतात."

"वहिनी, तो इकडे द्या."

"केस पांढरे झालेत की हो ह्यांचे. सगळेच." त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "दात पडलेत. तोंड उघडं राहिलंय ना, त्यातून दिसतंय. आणि गुडघ्यावर काहीतरी गुंडाळलंय, लोकरीचं. मी म्हणत नव्हते, ह्यांचेही धरले असतील म्हणून?"

भिंगवाल्यांनी हात पुढे केला. तो टेबलाच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. फोटो फिरवून बघायला त्यांना जमलं असतं, नुसतं उठून दोन पावलं पलीकडे जायचं होतं. त्यांच्याने उठवलं नाही.

दारात मिस्त्री येऊन उभा राहिला. अंगभर दगडाची पूड, हातात छिन्नी.

"साहेब, नाव झालं कोरून. पुढे साल कोणतं टाकू? बाकीच्यांचं आहे तेच ना?"

भिंगवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"ह्या वर्षीचं टाका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोटो छातीशी धरला होता आणि त्यांच्या पदरावर, फोटोच्या खालच्या कडेला, ओलं काळं काहीतरी उमटत चाललं होतं.